कागदही लोकसहभागातून आणायचा का, मंत्रीमहोदय?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सादर नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये कलाशिक्षक आहे. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात व्यासपीठावरून एका अधिकाऱ्यांनी निवडक कला उपक्रमांना प्रत्येकी 15,000 रुपये जाहीर केले. आमची आठवीची मुलं आमच्याच जिल्ह्यातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या लोककलेच्या, धर्तीवर आपल्या वाडीतल्या गोष्टींची पोथी चितारणार होती. प्रस्ताव गेला. मुलांनी आज्यांना विचारून गोष्टी लिहून आणल्या. या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: निधी उपलब्ध नाही, उपक्रम लोकसहभागातून पूर्ण करावा, फोटो आणि अहवाल शुक्रवारपर्यंत लिंकवर भरावा.

पैसे नाहीत, पण फोटो हवेत! साहेब, मला याचा संताप आला आहे.

लोकसहभाग म्हणजे कोणाचा? बाकं, पाण्याची टाकी, शौचालयाचं दार, सगळं पालकांनीच दिलं आहे. त्यांच्यासमोर आता कार्ट्रिज पेपरसाठी हात पसरू? म्हणून मीच आणतो. पोस्टर कलर, ब्रश, फेविकॉल, सगळं माझ्या पगारातून. यंदा मुलीच्या क्लासची फी थकली, तेव्हा घरात बोलणं ऐकावं लागलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाहुणे आले की फलक मी लिहायचा, स्टेज मी सजवायचं, निवडणुकीचं कामही मीच करायचं. तेव्हा मात्र कलाशिक्षक सगळ्यांना आठवतो.

2021 मध्ये पिंगुळीचे चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा सत्कार झाले, भाषणं झाली. ती कला शिकणाऱ्या मुलाला कागद द्यायची वेळ आली की तिजोरी रिकामी?

आणि हे एका 15,000 चं दुखणं नाही. ऑक्टोबर 2015 च्या शासन निर्णयाने कायम कलाशिक्षकाऐवजी तासाला 50 रुपयांवर अतिथी निदेशक, म्हणजे तासिकेपुरता बाहेरचा शिक्षक, नेमायची वाट काढली. शिक्षण हक्क कायद्यात अंशकालीन कला निदेशकाची तरतूद आहे, पण सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल तरच. कोकणातल्या वाडीवरच्या शाळेत एवढी मुलं आणायची कुठून? शेजारच्या जिल्हा परिषद शाळेला पटानुसार वर्षाला 25,000 रुपये संयुक्त अनुदान, म्हणजे शाळेच्या सगळ्या किरकोळ खर्चासाठी मिळणारी एकत्रित रक्कम. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेला, उरलेल्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती. रंगांना काय उरणार? 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, प्रत्येक विषय कलेतून शिकवा. शिकवतो की! साहित्य कोण देणार, ते सांगा.

चित्रकलेच्या साहित्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, काढा. पैसे जूनमध्ये शाळेच्या खात्यावर द्या, मार्च अखेरीस नकोत. तालुक्याच्या दुकानातलं साधं बिल ग्राह्य धरा. आणि जे द्यायचं नाही, ते मुलांसमोर व्यासपीठावरून जाहीर करू नका.

शुक्रवारी लिंकवर मी एकही फोटो भरणार नाही. कारणे दाखवा नोटीस आली, तर उत्तर म्हणून याच पत्राची प्रत जोडेन.

आपला,
एक कलाशिक्षक, सिंधुदुर्ग