तुझ्या तीन गोल्डफिशबद्दल

पुणे,
२० एप्रिल

प्रिय मन्या,

पत्र मिळालं, फोटोही पाहिला. गोल काचेच्या भांड्यात तीन गोल्डफिश, शिवाय काचेला चिकटणारा एक सकर मासा, आणि दुकानदार म्हणे, ‘काही होत नाही साहेब.’ त्याला काही होत नाही हे खरंच, होतं ते माशांना. चिनूचा जीव जडलाय, तेव्हा सगळे परत कर असं म्हणत नाही. पण त्या भांड्यात आता मनीप्लांट लाव.

गोल्डफिशला जठरच नसतं. खाल्लेलं झटकन पुढे सरकतं, म्हणून स्वारी कायम भुकेली आणि घाणही कायम. कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि मासा मात्र वर येऊन तोंड उघडतोय, असं होतं. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांचा जम बसायला चार-सहा आठवडे जातात. नव्या टाकीतले मासे पहिल्याच महिन्यात का मरतात, ते यात आलं. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नकोस, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदल, नव्या पाण्यात क्लोरीन घालवणारे थेंब टाकून.

आता जोडीचं. फोटोतला सडपातळ, लांब शेपटीचा आहे तो कॉमेट, फूटभर वाढतो. काळा, बटबटीत डोळ्यांचा ब्लॅक मूर. डोक्यावर टोपी असलेला ओरांडा. मूरला नीट दिसत नाही, ओरांडाला धड पोहता येत नाही, आणि दाणे पडले की कॉमेट सगळ्यांच्या आधी हजर. भांडण नाही, तंटा नाही, तरी मूर उपाशी! गोल्डफिशमध्ये जमणं म्हणजे स्वभाव जुळणं नव्हे, वेग जुळणं. म्हणून मूर आणि ओरांडा ठेव, शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीत. कॉमेट कुणाच्या तरी बागेतल्या हौदात जाऊ दे.

सकर मात्र दुकानात परत कर. काच साफ करतो म्हणून विकतात, पण रात्री संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडत बसतो. अंबाझरी किंवा फुटाळ्यात सोडायचा विचारही नको, आपल्या तळ्यांत आधीच त्याचा सुळसुळाट झालाय. सोबतीला टायगर बार्ब मासाही नको, शेपट्या कुरतडतो. चिमुकला गप्पी मासा तर ओरांडाच्या तोंडात मावतो.

तुमचा नागपूरचा मे महिना ही खरी काळजी. गोल्डफिशला वीस-बावीस अंशांचं पाणी मानवतं, आणि पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. टाकी कूलरच्या खोलीत, खिडकीपासून लांब ठेव. एअर पंप चोवीस तास. बर्फ थेट टाकू नकोस, एकदम गार झालेलंही सोसत नाही. वीज गेली तर त्या दिवशी खाणं बंद.

एरवी दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोनदा, दाणे भिजवून. अधूनमधून उकडलेला, साल काढलेला मटार. आणि कल्ल्यांच्या झाकणावर बारीक पांढरे ठिपके दिसले तर लगेच औषध ओतू नकोस. विणीच्या काळात नराला तसे येतात. अंगभर, शेपटीवर मीठ भुरभुरल्यासारखे दिसले तर तो रोग.

टाकी येईपर्यंत मासे मोठ्या प्लास्टिकच्या टबात ठेव, पंप लावून, रोज थोडं पाणी बदलत. पुढच्या आठवड्यात दादा तिकडे येतोय. त्याच्याबरोबर माझ्या टाकीतला जुना स्पंज ओल्या पिशवीत पाठवतो, तो तुझ्या फिल्टरमध्ये बसव म्हणजे जिवाणूंची वाट पाहणं बरंच कमी होईल. फक्त फिल्टरचं माप तेवढं कळव.

तुझा,
सुध्या