शिक्क्याखालचं हिमवाहन ओळखून देणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

तुमचं पाकीट मिळालं आणि माझ्या अंटार्क्टिकाच्या टपाल तिकिटावरचं हिमवाहन कोणतं हा प्रश्न सुटला: ती स्नोकॅट नाही, वीझल आहे. आभार जाहीरपणे मानतेय, कारण तुमची पद्धत इतर संग्राहकांनाही उपयोगी पडेल.

याआधी ज्यांना ज्यांना स्कॅन दाखवला, त्यांनी ‘स्नोकॅट’ म्हणून विषय संपवला. एका विक्रेत्याने तर भिंगही न लावता हेच नाव सांगितलं. सगळ्यांचा हिशेब एकच: अंटार्क्टिका, 1950चं दशक, म्हणजे ब्रिटिश संशोधक व्हिव्हियन फुक्स यांची अंटार्क्टिका ओलांडणारी मोहीम, आणि फुक्स म्हणजे स्नोकॅट. पण फुक्स यांच्या ताफ्यात टकर कंपनीच्या 4 स्नोकॅट होत्या, तशाच 3 वीझल आणि 1 मस्केग ही दुसऱ्या जातीची पट्ट्यांवर चालणारी वाहनंही होती. खंड ओलांडून 2 मार्च 1958 रोजी स्कॉट बेस या तळावर पोचल्या त्या चारही स्नोकॅट, म्हणून नाव त्यांचंच गाजलं. बिचारी वीझल वाटेत राहिली आणि लोकांच्या आठवणीतूनही गेली.

तुम्ही नाव सांगण्याआधी वाहन ज्यांवर चालतं ते पट्टे मोजलेत. स्नोकॅटला चार सुटे पाँटून (पट्टा ज्याभोवती फिरतो ते लांबट सांगाडे) असतात, प्रत्येकाभोवती स्वतःचा पट्टा. त्यामुळे एका बाजूने पाहिलं तर पुढचा आणि मागचा पट्टा वेगळा दिसतो, मध्ये मोकळी जागा असते. वीझलला प्रत्येक बाजूला एकच लांब पट्टा, त्यात लहान चाकांची रांग. मस्केगलाही एका बाजूला एकच पट्टा, पण चाकं मोठी, केबिन पुढे आणि मागे सपाट, उघडा माल-ओटा. रंगाचा पुरावा तुम्ही सरळ बाद केलात, आणि ते योग्यच: एका-दोन रंगांत छापलेल्या तिकिटावर वाहनाचा खरा रंग उतरेलच असं नाही. सालाचंही तसंच. वीझल दुसऱ्या महायुद्धातली. तिकिटाचं साल वाहनाचं वय सांगत नाही.

पण मनात घर केलं ते ट्रेसिंग पेपरने. कोरीव छपाईत सावलीच्या आडव्या रेघा पट्ट्याच्या फळ्यांसारख्याच दिसतात, आणि स्कॅनरचं ‘शार्पन’ चालू असलं तर त्या आणखी गडद होऊन सगळी दिशाभूल करतात. तुम्ही ते बंद करून 1200 डीपीआयला स्कॅन करायला लावलंत, मोठ्या प्रिंटवर कागद ठेवून पेन्सिलीने फक्त वाहनाची बाह्यरेषा आणि चाकं काढलीत. जिथे टपालाच्या शिक्क्याची शाई पट्ट्यावर आली होती, तिथे रेघ थांबवलीत. अंदाजाने जोडली नाहीत. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंत, ‘इथलं दिसत नाही, पण मध्ये फट असती तर ती या दोन चाकांच्या बाहेर आली असती.’ एवढा प्रामाणिकपणा छापील कॅटलॉगांतही दुर्मीळ. तिथे नुसतं ‘ट्रॅक्टर’ लिहून मोकळे होतात. माहिती असूनही कोरी जागा कोरी ठेवणारी माणसं मला फार मोलाची वाटतात.

जोडीला दिलेली उदाहरणंही नेमकी. ब्रिटिश अंटार्क्टिक टेरिटरीच्या 1963च्या मालिकेत दीड पेनीवर मस्केग आणि 5 शिलिंगवर स्नोकॅट, म्हणजे एकाच संचात तुलना होते. ऑस्ट्रेलियन अंटार्क्टिक टेरिटरीच्या 1959च्या 8 पेनींवर वीझलवर सामान चढवताना दाखवलंय.

एक प्रश्न उरलाच: वीझलच्या दोन प्रकारांपैकी ही कोणती, साधी एम-29 की पाण्यात तरंगणारी एम-29सी? दुसरीला पुढे-मागे तरंगटाक्या आणि मागच्या टोकाला दोन सुकाणू असतात. माझ्या प्रतीत मागचं टोक नेमकं शिक्क्याखाली आहे. न वापरलेली प्रत मिळाली की तसाच 1200चा स्कॅन पाठवते.

आणि हो, तुमचा ट्रेसिंग पेपर अल्बममध्ये तिकिटाला लागून ठेवलेला नाही. तो आम्लमुक्त, म्हणजे तिकिटाच्या कागदाला अपाय न करणारा, आहे की नाही ते कळेपर्यंत वेगळ्या पाकिटात आहे.

तुमची ऋणी,
एक संग्राहक