यंदा ‘काही आणू नका’ म्हटलं नाही

मिनिअ‍ॅपोलिस,
रविवार, रात्री

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

गुरुवारी, इथल्या थँक्सगिव्हिंगच्या म्हणजे आभाराच्या सणाला, आपण बोललो तेव्हा इथे सकाळचे दहा वाजले होते. दुपारी तीनला चौदा माणसं जेवायला यायची होती आणि मी चहाचा कप घेऊन सोफ्यावर बसले होते. आई, तू दोनदा विचारलंस, "अगं, स्वयंपाकाचं काय? अशी बसलीयस काय?" तेव्हा धाकटी फोन ओढत होती, नीट सांगता आलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय. बाबांना तसंही फोनपेक्षा पत्रच आवडतं.

आधी बाबांचा प्रश्न, हा सण कोणत्या तिथीला येतो? थँक्सगिव्हिंगला तिथीबिथी नसते. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, बस. राष्ट्राध्यक्ष लिंकनने १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभरासाठी जाहीर केला. ‘चौथा’ हे कायद्याने ठरलं १९४१ मध्ये. मूळ गोष्ट त्याहून जुनी, १६२१ ची. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला इंग्लंडहून आलेली पन्नासेक माणसं आणि तिथले मूळचे वाम्पानोआग, त्यांचा प्रमुख मासासोइट आणि त्याची नव्वदेक माणसं, सुगीनंतर तीन दिवस एकत्र जेवली. थोरला शाळेतून एवढंच ऐकून आला होता. पुढे त्या मूळच्या लोकांच्या जमिनी गेल्या, माणसं गेली, आणि १९७० पासून त्यांचे वंशज त्याच गुरुवारी प्लिमथला शोकदिन पाळतात, हे मी त्याला सांगितलं. तर म्हणाला, "मग आपण का जेवतोय?" मी म्हटलं, शेजारी येतायत म्हणून. याहून बरं उत्तर मला सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

आता गेल्या वर्षीचं सांगते, जे तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी तुमच्या जावयांना हौस आली, टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी, या जेवणाचा मुख्य पदार्थ) आपण भाजायची. मी खात नाही, पण पाहुणे खातात, म्हटलं करा. मंगळवारी रात्री त्यांनी चौदा पौंडांचा, म्हणजे सव्वासहा किलोंचा, गोठवलेला पक्षी आणला. आम्हाला कुठे माहीत की तो फ्रिजमध्ये विरघळायला दर चार-पाच पौंडांमागे एक अख्खा दिवस लागतो! गुरुवारी अकरा वाजता पाहिलं तर आत बर्फाचा दगड. मग सिंकमध्ये गार पाण्यात बुडवून ठेवला, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत. तो ओव्हनमध्ये गेला चार वाजता. आणि गंमत अशी की इथे ओव्हन एकच. टर्की साडेतीन-चार तास आत ठाण मांडून बसली की रताळी, पाव, ‘पाय’ (इथला सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) सगळे बाहेर रांगेत उभे. चूल एक आणि पातेली पाच, असा प्रकार.

त्यात माझा शहाणपणा. जो तो विचारत होता, "मी काय आणू?" आणि मी आपलं प्रत्येकाला, "छे छे, काही आणू नका, तुम्ही फक्त या." आपल्याकडे असंच म्हणायचं असतं ना! नऊ पदार्थ मी एकटीने केले. वर पुरणपोळ्याही, कारण मला दाखवायचं होतं. जेवायला साडेआठ वाजले. मधे धाकटीवर इतकी ओरडले की ती पाहुण्यांसमोर रडली, आणि मग मी बाथरूमचं दार लावून रडले. मी पानावर बसले तेव्हा लोक कोट चढवत होते. सिंकपाशी उभ्याने गार भात खाल्ला. खाताना तू डोळ्यासमोर आलीस, आई. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. पहाटे चारपासून सोवळ्यात तू, पुरण, फुलोरा, सोळा भाज्या, आंबील, कढी. सवाष्ण-ब्राह्मण झाले, पुरुषांची पंगत झाली, मुलं झाली, आणि संध्याकाळी पाचला तू जेवायला बसलीस तेव्हा कढी संपलेली. तू नुसता भात मिठाशी कालवलास. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. मला वाटलं होतं, आईला कढी आवडत नाही.

तर यंदा.

गेल्या वर्षी निघताना शेजारच्या आजी दारात थांबून म्हणाल्या होत्या, "पुढच्या वेळी पक्षी माझ्याकडे." चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, आयुष्यभर हेच करत आलेली. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? पाहुण्याने मुख्य पदार्थ आणायचा म्हणजे आपलं नाक कापलं. पण ऑक्टोबरात मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं, "आजी, टर्की तुमची." त्यांचा चेहरा बघायला हवा होतास! त्यांची मुलं लांब राहतात. त्यांना एवढं कुणासाठी करायला मिळतच नव्हतं. आणि आमचा ओव्हन दिवसभर मोकळा.

पुढे जो विचारेल त्याला मी नेमकं सांगायला लागले. नुसतं "आणा काहीतरी" म्हटलं तर पाचजण पायच आणतात. तरी लाल भोपळ्याचे पाय तीन आलेच. (बाबा, तुमच्या घारग्यांसारखा गोड भोपळा कणकेच्या वाटीत भाजला की तो पाय. तुम्हाला फार गोड वाटणार नाही.) युनिव्हर्सिटीतल्या दोन मराठी मुलांना स्वयंपाकाचं नावही काढू नका म्हटलं. त्यांनी बर्फ आणि घडीच्या खुर्च्या आणल्या.

एक गोष्ट मात्र मी पंधरा दिवस आधी केली. कोण काय खात नाही, ते सगळ्यांना विचारून घेतलं. माझ्या ऑफिसातली सोमाली मैत्रीण घरच्यांना घेऊन येणार होती, त्यांना हलाल लागतं. इथे रताळ्यांवर गोड पांढरे मार्शमॅलो घालून भाजतात, त्यात जिलेटिन असतं, म्हणजे तिलाही नको आणि मलाही. पावाचं सारण पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात भिजवतात. हे ऐन पानावर कळलं की यजमान आणि पाहुणा दोघंही अवघडतात. आधी कळलं की प्रश्नच राहत नाही. तिने सांबुसे आणले, आपल्या सामोशाचे चुलतभाऊ. सगळ्यात आधी तेच संपले.

मी फक्त तीन पदार्थ केले. क्रॅनबेरीची चटणी सोमवारीच करून फ्रिजमध्ये टाकली. चव थेट करवंदांवर जाते, म्हणून गूळ, सुंठ, तिखट घालून तुझ्या करवंदाच्या चटणीसारखीच केली. रताळ्याचा तुझा उपासाचा कीस, कूट घालून. कुणाला दाण्यांचं वावडं नाही हे आधीच विचारलं होतं. आणि वाइल्ड राइसचा मसालेभात. हा खरं तर तांदूळ नव्हे, पाण्यात उगवणाऱ्या गवताचं बी. इथले मूळचे ओजिब्वे लोक होडीतून तळ्यांत जाऊन ते झोडून गोळा करतात, ‘मनोमिन’ म्हणतात. शिजायला पाऊण तास लागतो, कुकरच्या शिट्ट्यांची घाई चालत नाही. गोडा मसाला त्याला इतका मानवला की काय सांगू.

अडीचला आजी टॉवेलांत गुंडाळलेला ट्रे घेऊन अंगणातून आल्या. आजोबा पुढे "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत, पालखीपुढच्या भालदारासारखे. आपण शीत बोटांनी चेपून बघतो ना, तसं इथे मांसात थर्मामीटर खुपसून बघतात. १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस झालं की शिजलं. आजींनी तीन ठिकाणी खुपसून दाखवलं, थोरल्याकडून आकडा मोठ्याने वाचून घेतला.

कोशिंबीर कुणालाच सांगायची राहिली होती. पाव थोडे करपले. कागदी ताटल्या बघून जावयांनी नाक मुरडलं, तर मी म्हटलं, पत्रावळीवर जेवलात तेव्हा नाही मुरडलंत! उरलेलं दोन तासांच्या आत डब्यांत भरून ज्याचं त्याला बरोबर दिलं. भांडी जावयांनी आणि त्या दोन मुलांनी घासली. मी सगळ्यांबरोबर जेवले. गरम.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते. वहिनीने मला सांगितलंय, यंदाही तू महालक्ष्म्यांना पहाटेपासून उभी होतीस आणि नंतर दोन दिवस गुडघा सुजला होता. वहिनीवर रागावू नकोस. पुढच्या भाद्रपदात मी येतेय, रजेचं बोलून ठेवलंय. पुरण मी वाटणार. वडे-भजी वहिनी तळेल. काकू दरवर्षी "मी काय करू?" विचारतात आणि तू "काही नको, वेळेवर या" म्हणतेस. त्या वेळी त्यांना फुलोरा दे, त्यांच्या करंज्या तुझ्यापेक्षा बऱ्या होतात, हे तुलाही ठाऊक आहे. बाबा, सोळा भाज्या तुम्ही निवडायच्या आणि चिरायच्या. सोवळं नेसून चिरा, पण चिरा. सोवळ्याओवळ्याचं काय ते आई ठरवेल, त्यात मी पडत नाही. फक्त कढी झाली की तुझी वाटी मी आधी काढून ठेवणार, झाकण घालून.

जावई आणि मुलं नमस्कार सांगतात. बाबा, बीपीच्या गोळ्या चुकवू नका.

तुमची,
चिमी

ता. क. शेजारच्या आजींना पुरणपोळीची कृती हवीय. पुरणात तू जायफळ घालतेस की वेलदोडा? मी दोन्ही सांगून बसलेय.