मंदे, आपला खळगा सापडला

प्रिय मंदे,

दिवाळीत तू दोनदा फोन केलास आणि मी मुद्दाम उचलला नाही, हे आधीच कबूल करते. राग कशाचा होता ते तुला ठाऊक आहे, आता पुन्हा उकरत नाही. प्रकृती बरी, गुडघे आहेत तसेच. पण परवा शनिवारवाड्यात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. ह्यांना सांगावं तर आधी हसतील आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीभर करतील.

झालं असं, की विहीणबाई आल्यात जयपूरहून. त्यांना पुण्याचे राजवाडे बघायचे होते. आता जयपूरच्या बाईला आपण काय कपाळ दाखवणार? त्यांच्या एकट्या हवामहलाला ९५३ खिडक्या, आणि मुख्य म्हणजे तो अजून उभा आहे. विश्रामबागवाड्याचं एवढं कोरीवकाम बघून बाई म्हणाल्या, "अच्छा है." बास. लालमहालात मी शहाणपणा केला. म्हटलं, शाहिस्तेखानाची बोटं १६६३ साली तुटली ती ह्या इमारतीत नव्हे, ही महापालिकेनं बांधली, आम्ही शाळेत होतो तेव्हा नव्हतीच. ईरा हळूच म्हणाली, "आजी, कशाला सांगितलंस?" नातीचं हे वाक्य लक्षात ठेव.

मग शनिवारवाडा. दिल्ली दरवाज्याचे ते हत्तीला अडवणारे खिळे बघून बाई खूश. आत गेलो तर हिरवळ आणि चौथरे. "और महल कहाँ है?" म्हटलं, १८२८ मध्ये जळाला, आठवडाभर जळत होता, लाकूड गेलं नि दगड तेवढा राहिला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू गॅस मीच चालू ठेवून बाहेर गेले होते.

तेवढ्यात एक गाईड घोळका घेऊन आला. पंचविशीचा पोरगा, आवाज खणखणीत. १७३० ची पायाभरणी, १६,११० रुपये खर्च, हजारी कारंजं, सगळं अचूक. मग आलं १७७३. अठरा वर्षांचा नारायणराव, मागे गारदी, "काका, मला वाचवा." बायका हळहळल्या. आणि हा बाबा चार पावलं डावीकडे गेला, वाकला, एका दगडातल्या खळग्यात बोट घातलं आणि म्हणाला, "पहला वार चूक गया. तलवार की नोक यहाँ धँसी."

मंदे, आपला खळगा गं! पेराएवढाच खोल, कडेला तोच टवका उडालेला. आत पावसाचं पाणी आणि शेंगदाण्याचं एक टरफल. माझे पाय लटपटले.

सातवीची सुट्टी आठव. त्या परगावच्या कुटुंबाला तू हीच थाप मारलीस, त्यांनी चार आणे दिले आणि आपण गोळा खाल्ला. काला खट्टा माझा होता, अर्धा तू चोखलास, ते अजून विसरलेले नाही. मग आपण महिनाभर तोच धंदा केला. पण पुढे ऐक. गाईड म्हणाला, "बारिश में यहाँ का पानी लाल दिखता है." म्हणजे तलवार तुझी, पण लाल पाणी माझं! दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा मीच जोडलं होतं.

विहीणबाईंनी डोक्यावर पदर घेतला. सकाळी दगडूशेठला मिळालेलं झेंडूचं फूल पर्समधून काढलं, त्या खळग्यावर ठेवलं आणि हात जोडले. डोळ्यांत पाणी. दिवसभरात पहिल्यांदा पुणं त्यांच्या मनाला लागलं, ते आपल्या थापेनं. लाकडी खांब बसवायला ठेवलेली खोबण असेल ती, पण लालमहालात धावलेली माझी जीभ इथे टाळ्याला चिकटली. आणि ईरानं सगळं वहीत उतरवून घेतलं. शाळेचा प्रोजेक्ट आहे, "माझ्या शहरातील ऐतिहासिक वास्तू."

तीन रात्री झोप नाही. पोरीला सांगावं तर तिच्या त्या आजीचं फूल कुठे जातं? न सांगावं तर उद्या हिची वही वाचून आणखी कुणी लिहील. गाईडला तरी कुणी सांगितलं? त्याच्या बापाला आपणच सांगितलं नसेल कशावरून? पोरगा जरा त्या चार आणेवाल्या मुलासारखाच दिसतो, असंही रात्री दोन वाजता वाटून गेलं.

आणि एक गोष्ट छळते आहे. तू तेव्हा शपथेवर म्हणायचीस, "आमच्या अण्णांनी सांगितलंय." मी तुला खोटारडी म्हटलं आणि गणपतीचे दहा दिवस आपण बोललो नाही. अण्णा उगाच काही सांगणारे नव्हते. तेव्हा मला तू खोटी ठरायला हवी होतीस. आता देवाशपथ वाटतं, अण्णांनी सांगितलेलं असावं. लाल पाण्याचं मी माझं बघून घेईन.

तुझं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? धाकट्याचं जमलं का कुठे? कुमीनं नवी जागा घेतली म्हणे, मला कळवलंही नाही, असो.

ईरानं अजून पेन्सिलीनंच लिहिलंय. पंधरा तारखेला द्यायचंय, त्याआधी शाईनं गिरवेल. पत्र मिळाल्याबरोबर फोन कर. ह्या वेळी उचलीन.

तुझी,
शालू