अस्वस्थता टिपणातून गाळू नये

हिंसक गुन्ह्यांतील कैद्यांच्या मुलाखती घेणाऱ्या संशोधकांवरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. संशोधकाने स्वतःची अस्वस्थता टिपणांबाहेर ठेवावी, हे त्यातील मत पटले नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगात काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ पुमला गोबोदो-मादिकिझेला यांनी १९९७ पासून प्रिटोरियाच्या तुरुंगात यूजीन डी कॉकच्या मुलाखती घेतल्या. वर्णद्वेषी राजवटीतील पोलिसांच्या मारेकरी पथकाचा हा प्रमुख. शिक्षा दोन जन्मठेपा आणि वर २१२ वर्षे. बळींच्या विधवांबद्दल बोलताना तो कोलमडला, तेव्हा पुमला यांनी नकळत त्याच्या थरथरत्या हाताला स्पर्श केला. तो बंदुकीचा चाप ओढणारा हात होता, हे पुढे त्यानेच सांगितले. करुणा वाटली आणि तिची भीतीही, हे दोन्ही त्यांनी लिहून ठेवले. ते गाळले असते, तर हाती उरली असती फक्त एका खुन्याची जबानी. ती तर न्यायालयाकडेही होती!

आपल्याकडे प्रबंधात ‘मी’ डोकावला, की मार्गदर्शक लाल रेघ ओढतात. मीही ओढल्या आहेत. निदान अशा मुलाखतींपुरती ती रेघ मागे घ्यावी.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा