६५ मिलिमीटरचा हिशेब : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
(प्रत : मा. मंत्री, मदत व पुनर्वसन)

महोदय, स. न. वि. वि.

पावसाची नोंद गावागावात घेण्याची तयारी सुरू आहे. केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ या हवामान-नोंदीच्या योजनेत तालुक्याला स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला स्वयंचलित पर्जन्यमापक, असा आराखडा आहे. राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पामुळे हवामान केंद्रं महसूल मंडळापर्यंत, म्हणजे काही गावांच्या गटापर्यंत आली होती, आता पर्जन्यमापक गावात येणार. हे व्हायलाच हवं. पण मराठवाड्यातला शेतकरी आज भांडतो ते केंद्र लांब आहे एवढ्यासाठीच नाही, केंद्राचा आकडा पटत नाही म्हणूनही भांडतो. जागा, देखभाल आणि हिशेबाची रीत जुनीच ठेवली, तर मंडळात आज एक शंकास्पद यंत्र आहे तिथे उद्या पंधरा होतील. निविदा निघण्याआधीच हे लिहिण्याचं कारण तेच.

या आकड्यावर किती पैसा टांगलेला आहे ते आपल्याला ठाऊक आहेच. मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. पंचनाम्याची पहिली चाळणी ही. पुढे ३३ टक्के नुकसानीची अट लागते आणि आपत्ती निधीच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० मिळतात. सप्टेंबर २०२५च्या पुरानंतर सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आणि चाळणी कशाची? पर्जन्यमापकावरच्या साधारण २० सेंमी व्यासाच्या एका नरसाळ्याची. त्याचं तोंड ३१४ चौरस सेंटिमीटर. मराठवाड्यात मंडळाचं क्षेत्र सरासरी सव्वाशे-दीडशे चौरस किलोमीटर पडतं.

खरीप २०२५पासून एक रुपयातला पीक विमा बंद झाला, स्थानिक आपत्तीसारखे निकष वगळले गेले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर आली. त्यामुळे पावसाच्या आकड्याचं महत्त्व आता उरलं नाही, असा सूर मंत्रालयात कुणी लावत असेल तर तो चूक आहे. पाणी साचून एकाच शिवाराचं सोयाबीन गेलं तर विम्यातून दाद मागायची वाट बंद झाली. उरली ती आपत्ती निधीची मदत, आणि तिच्या दारात ६५चा आकडा उभा आहे. म्हणजे महत्त्व वाढलं.

आधी अशी गोष्ट सांगतो जिला एक रुपयाही खर्च नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. समजा सकाळी साडेसहाला पावसाने धरलं आणि साडेदहाला सोडलं. साडेआठच्या आधी ३८ मिमी, नंतर ४४. चार तासांत ८२ मिमी पडला, नाले फुटले, उभं पीक आडवं झालं. नोंदीत मात्र एका दिवसाला ३८ आणि पुढच्या दिवसाला ४४. दोन्ही दिवस ६५च्या आत, मंडळ यादीबाहेर. निकष ‘२४ तासांत’ म्हणतो. ते २४ तास घड्याळाच्या साडेआठलाच सुरू व्हावेत असं पावसावर बंधन नाही. माणूस रोज एकदा मोजायचा तेव्हा ही सोय अपरिहार्य होती. आता यंत्र दर दहा-पंधरा मिनिटांनी नोंद पाठवतं. त्या नोंदींतून कोणत्याही क्षणापासून मागचे २४ तास मोजता येतात, सर्व्हरवर त्यासाठी दहा ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. ‘सरकत्या २४ तासांतला सर्वाधिक पाऊस’ असा शब्दप्रयोग शासन निर्णयात घाला.

वित्त विभाग म्हणेल, पात्र मंडळं वाढतील. वाढतील, नक्कीच. तेवढा पैसा नसेल तर मर्यादा ६५ची ७० करा आणि तसं उघड सांगा. पण कुणाला मदत मिळावी आणि कुणाला नाही हे पाऊस पहाटे आला की दुपारी, यावर ठरू नये.

आता यंत्राकडे, म्हणजे स्वयंचलित पर्जन्यमापकाकडे वळू. आत एक छोटा सी-सॉ असतो, दोन्ही टोकांना वाट्या. नरसाळ्यातून आलेलं पाणी एका वाटीत पडतं, ठरावीक भरलं की वाटी कलंडते, चुंबकाने एक ठोका नोंदला जातो आणि दुसरी वाटी धारेखाली येते. एका ठोक्याला ०.२ मिमी पाऊस मोजणाऱ्या यंत्रात वाटी कलंडायला ६.२८ मिली पाणी लागतं. ६५ मिमी म्हणजे ३२५ ठोके. खोट इथेच आहे. वाटी कलंडायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात पाणी भरलेल्या वाटीतच पडत राहतं, म्हणजे हिशेबातून जातं. रिमझिम पावसात हा तोटा नगण्य. ताशी १०० मिमीच्या वेगाने कोसळत असेल तर दर ७.२ सेकंदांनी ठोका पडतो, आणि तोटा काही टक्क्यांवर जातो. नुसता ५ टक्के धरला तरी ६७ मिमीचा पाऊस ६३.७ नोंदला जातो. ज्या पावसाने नुकसान होतं नेमका तोच पाऊस यंत्र कमी दाखवतं, हे लक्षात घ्या. याची दुरुस्ती वेगवेगळ्या तीव्रतेला चाचणी घेऊन करता येते, आणि ती दुरुस्ती लॉगरमध्ये (नोंदी साठवणाऱ्या उपकरणात) घालून देण्याची अट पुरवठादारावर घालायला हवी. फक्त कारखान्याचं प्रमाणपत्र मागवून भागत नाही.

दुसरी खोट आपल्याकडच्या धुळीची. एप्रिल-मेच्या वावटळींत नरसाळ्याच्या जाळीवर माती बसते, त्यावर पक्ष्यांची विष्ठा, वर पहिला पाऊस. झाला चिखलाचा बूच. ऑक्टोबरात जवळ मळणी यंत्र चाललं तर सोयाबीनचं भुसकट. आत कोळ्याचं जाळं, मुंग्या, कधी गांधीलमाशीचं घर. जाळी पूर्ण तुंबली तर नोंद शून्य येते आणि कुणाच्याही ध्यानात येतं. अर्धवट तुंबली तर फसगत होते: नरसाळ्यात साठलेलं पाणी रात्रभर झिरपतं, शेजारच्या केंद्रावर तासाभरात ४० मिमी पडून पाऊस थांबलेला असतो आणि इथे मात्र दर दहा मिनिटांनी एक ठोका पहाटेपर्यंत. आलेखात हा सपाट शेपूट लगेच दिसतो. कच्च्या नोंदी कुणी पाहिल्या तर. आज जिल्ह्याला दिसते ती दिवसाची बेरीज, त्यात काहीच दिसत नाही.

तिसरी खोट काळ्या जमिनीची, आणि ती इतर प्रांतातल्या ठेकेदाराला सांगूनही पटत नाही. भारी काळी जमीन उन्हाळ्यात आकसून हाताएवढ्या भेगा पाडते आणि पावसात फुगते. दीड फुटाच्या खड्ड्यात काँक्रीट ओतून उभा केलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो. खांब कलला की वाट्यांचा तोल गेला. एक बाजू लवकर कलंडते, दुसरी उशिरा. पाया मुरमापर्यंत न्यायला हवा. काळी माती फार खोल असेल तर निदान मीटरभर खोदून, आत मुरूम भरून, धुम्मस करून मग खांब. दर महिन्याला पाणसळ लावून पाहायची.

जागेचं तर विचारूच नका. ग्रामपंचायतीला यंत्र म्हणजे ते कार्यालयाच्या आवारात किंवा सरळ गच्चीवर जाणार, हे कुणीही सांगेल. आवारात कडुनिंब असतो, पाण्याची टाकी असते, शेजाऱ्याची दुमजली भिंत असते. अडथळा नरसाळ्याच्या काठापेक्षा जितका उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर हवं, चौपट असेल तर उत्तम. काठापेक्षा ८ मीटर उंच निंब असेल तर १६ मीटरच्या आत यंत्र नको. गच्चीवर वारा नरसाळ्यावरून वळसा घालतो आणि थेंब पलीकडे उडवून नेतो. उंच खांबावरही तेच होतं, म्हणूनच हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचा काठ जमिनीपासून जेमतेम ३० सेंमीवर असतो. जिल्हा परिषद शाळेचं मैदान, तालुका बीजगुणन केंद्र, रोपवाटिका या जागा आधी तपासा. कुंपण मात्र पक्कं हवं, शेळ्यांना केबल फार आवडते. जागेचा चारही दिशांचा फोटो आणि अडथळ्यांची मोजलेली अंतरं संकेतस्थळावर टाकल्याशिवाय बसवणुकीचं बिल काढू नये.

तापमानाच्या नोंदीलाही हेच लागू. फळपीक विम्यात जालन्याच्या मोसंबीवाल्याचा दावा तापमानाच्या अंशांवर तुटतो किंवा लागतो, आणि संवेदक पत्र्याच्या शेडलगत असेल तर ते अंश बागेचे नसतात, पत्र्याचे असतात.

यंत्र बरोबर आहे की नाही हे गावातल्या कुणालाही तासाभरात तपासता येतं, त्याला अभियंता लागत नाही. २० सेंमी व्यासाच्या नरसाळ्याला ६२८ मिली पाणी म्हणजे २० मिमी पाऊस. (व्यास १६ सेंमी असेल तर ४०२ मिली.) शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने पाणी मोजा, बाटलीच्या झाकणाला सुईने बारीक भोक पाडा, आणि बाटली उलटी धरून साधारण तासाभरात सगळं पाणी नरसाळ्यात जाईल अशा बेताने थेंब थेंब सोडा. ०.२ मिमीच्या यंत्रात १०० ठोके पडायला हवेत. ९७ ते १०३ आले तर ठीक. त्याबाहेर गेले तर वाट्यांखालचे स्क्रू जुळवावे लागतील, ते काम तंत्रज्ञाचं. चाचणीची वेळ तालुक्याला आधी कळवायची, नाहीतर कोरड्या दिवशी त्या गावात २० मिमी पावसाची सरकारी नोंद व्हायची. सफाईला मऊ ब्रश आणि स्वच्छ पाणी एवढंच लागतं. सी-सॉच्या आसाला तेल देऊ नये, तेलावर धूळ बसते आणि वाटी जड होते. मृगाच्या आधी एकदा, मग ऑक्टोबरअखेरपर्यंत दर पंधरवड्याला.

शिवाय प्रत्येक मंडळात यंत्राशेजारी एक साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापक ठेवा. तोंड २०० चौरस सेंमी असेल तर २० मिली म्हणजे १ मिमी, गणित सोपं. महसूल सेवक किंवा शाळेतले शिक्षक सकाळी साडेआठला मोजतील. दोन आकड्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक सलग तीनदा आला की तंत्रज्ञ पाठवायचा. या साध्या भांड्याला ना बॅटरी, ना सिम, म्हणून ते ऐन पुराच्या रात्रीही चालतं. स्वयंचलित यंत्राचं तसं नाही. ढगाळ आठवड्यात सौर पॅनेल उपाशी राहतं, पहाटे बॅटरीचं व्होल्टेज १२च्या खाली जातं, टॉवर बंद पडतो.

त्यातूनच सगळ्यात घातक चूक होते: नोंद आली नाही, तिथे तक्त्यात शून्य पडतं. ‘शून्य पाऊस’ आणि ‘नोंद नाही’ यांना दोन वेगळी चिन्हं द्यावीत, इतकी साधी मागणी आहे. मदतीसाठीच्या ‘सततच्या पावसा’च्या निकषात सलग पाच दिवस रोज किमान १० मिमी लागतो. त्यात एक दिवस यंत्र मुकं झालं तर साखळीच तुटते. लॉगरच्या स्मृतीत मागच्या नोंदी असतात, त्या काढून आणण्याची मुदत करारात लिहा. त्याही नसतील तर साध्या भांड्याचा आकडा ग्राह्य धरा.

रडार आणि उपग्रह आहेत की, असंही कुणी सुचवेल. केंद्रांमधली रिकामी जागा भरायला त्यांची मदत होतेच, कारण जूनचा आणि परतीचा पाऊस एका शिवारात कोसळून बांधापलीकडे ऊन ठेवतो. पण रडारपासून २०० किमीवर त्याची सर्वांत खालची किरणरेषाही ४ किमी उंचीवरून जाते. खाली काय पडलं ते ताडायला जमिनीवरचं भांडंच लागतं, आणि ते चुकीचं असेल तर रडारचा अंदाजही त्याच्याच मागे जातो.

खर्चाबद्दल एकच सांगायचं आहे. पैसे खरेदीवर नव्हे, नोंदींवर द्या. जून ते ऑक्टोबर या काळात किती टक्के नोंदी आल्या आणि हाताच्या मोजणीशी त्या किती जुळल्या, यावर दर महिन्याचं बिल निघावं. पाच वर्षांची देखभाल मूळ निविदेतच असू द्या. स्वतंत्र एएमसी (वार्षिक देखभाल करार) काढू म्हटलं की पहिल्या वर्षानंतर ती कुणीच काढत नाही. राज्यातली गावं सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींत विभागलेली आहेत. सगळीकडे एकदम यंत्रं बसवण्यापेक्षा आधी मराठवाड्यातले दोन तालुके घ्या, एक गोदाकाठचा आणि एक बालाघाटावरचा, एक पावसाळा चालवून पाहा.

आणि एक काम आजच करता येईल. सप्टेंबर २०२५मधल्या मराठवाड्यातल्या सगळ्या मंडळांच्या दहा-पंधरा मिनिटांच्या कच्च्या नोंदी, जशा आल्या तशा, गाळलेल्या जागांसह, डाउनलोड करता येतील अशा खुल्या करा. परभणीच्या कृषी विद्यापीठातले विद्यार्थीसुद्धा आठवड्याभरात सांगतील की सरकत्या २४ तासांनी ६५ ओलांडलेली किती मंडळं साडेआठच्या हिशेबाने यादीबाहेर राहिली, आणि कोणत्या केंद्रांच्या आलेखाला तो सपाट शेपूट आहे. ती यादी हातात आल्यावर निविदेच्या अटी लिहायला घ्याव्यात, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक कृषी-हवामान अभ्यासक
परभणी