आधी झाड पाहा, मग फूल निवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सावलीत येणाऱ्या फुलझाडांच्या याद्या वरचेवर छापून येतात. त्यांत चूक फारशी नसते, पण एक गोष्ट हमखास राहून जाते. भिंतीची सावली वेगळी आणि झाडाची वेगळी. भिंत पाणी पीत नाही. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे मात्र बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात, शिवाय पावसाची हलकी सर दाट पाने वरच्यावर झेलतात. रोप सुकले की आपण उजेड कमी पडला म्हणतो. पुष्कळदा ते तहानेने गेलेले असते. सर पडून गेल्यावर बुंध्यापाशी बोटभर उकरून पाहावे. माती कोरडी निघाली तर यादीतली निम्मी नावे तिथेच खोडावीत.

उजेड जोखायला यंत्र लागत नाही. भर दुपारी जमिनीवर पांढरा कागद ठेवून त्याच्या फूटभर वर हात धरावा. सावलीत बोटे सुटी दिसली तर उजेड भरपूर. कडा पुसट, पण हात ओळखू येतो, तर मध्यम. नुसता काळसर डाग दिसला तर सावली दाट, आणि तिथे फुलांचा हट्ट धरू नये. पीस लिलीसुद्धा तिथे जगते, पण पानांवरच भागवते. पानगळीच्या झाडाखाली ही परीक्षा पालवी असताना आणि नसताना, अशी दोनदा करावी.

मध्यम उजेडात अबोलीइतके भरवशाचे झाड नाही. रोपांत फूटभर अंतर ठेवावे, शेंडे एकदा खुडावेत आणि वाळलेली कणसे काढत राहावे. फांद्या लांबट होऊन एकाच बाजूला झुकल्या तर उजेड कमी पडतोय असे समजावे. अशा वेळी खत वाढवणे ही नेहमीची चूक. नत्राने पाने माजतात, फूल येत नाही.

कोरड्या जागी कंद बरे. फुटबॉल लिली वर्षातून एकदाच, पावसाच्या तोंडावर, तांबडा गोळा फुलवते आणि पुढे पाने वाळवून निजते. कंदाची मान मातीच्या पातळीवर ठेवावी. भुईचाफ्याचे गड्डे दोन इंच खोल, वीतभर अंतराने लावावेत. त्याचे फूल पानांआधी थेट मातीतून उमलते, म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस तेवढ्या जागेवरचा पालापाचोळा पातळ करावा. दोन्ही कंद विश्रांतीत असताना पाणी दिले की कुजतात. सोनटक्का मात्र पाणपिसा आहे. त्याला बुंध्याजवळ नको, फांद्यांचा घेर संपतो तिथल्या ओलसर मातीत जागा द्यावी. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो बुडातून कापावा. झेंडू, शेवंती, गुलाब यांना झाडाखाली आणूच नये.

लावताना सगळा वाफा खणू नये. मुळांच्या मधल्या जागी खुरप्याने ओंजळभर खड्डा करावा आणि निघालेल्या मातीत तिच्या निम्मे पानांचे कुजलेले खत मिसळावे. अंगठ्याएवढे मूळ लागले तर तोडू नये, खड्डा सरकवावा. म्हणूनच मोठ्या कुंडीतल्या रोपापेक्षा लहान रोप बरे. पहिला हंगामभर पाणी सावकाश, वीतभर खोल मुरेल असे आणि सकाळी द्यावे. वर दोन-अडीच इंच पाल्याचे आच्छादन हवे, पण बुंध्यापासून वीतभर दूर. त्याखाली गोगलगायी दडतात. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचाव्यात.

सर्वांत महागात पडते ती हौस म्हणजे बुंध्याभोवती विटांचा कट्टा बांधून आत फूटभर माती भरणे. खालच्या मुळांना हवा मिळत नाही, मातीत गाडलेली साल ओलीने कुजते आणि काही वर्षांनी शेंडा वाळू लागतो. तोवर कट्ट्याची आठवणही कुणाला होत नाही. जमीन मुळांनी गच्च भरलेली असेल तर सरळ कुंड्या ठेवाव्यात, पण विटांवर. जमिनीला टेकलेल्या कुंडीत झाडाची मुळे तळाच्या भोकातून वर शिरतात आणि उचलायला जावे तर कुंडी जागची हलत नाही.

आपला,
एक बागप्रेमी वाचक